लवकर लाँच करायचं, पण कमी की कच्चं?

'आधी एमव्हीपी (म्हणजे कामापुरती पहिली आवृत्ती) काढू, बाकीचं नंतर बघू' हे स्टार्टअपवाल्यांचं आवडतं वाक्य. त्या 'बाकीचं'मध्ये काय ढकलताय, ते तपासा. फीचर ढकलली तर वस्तू कमी होते. चाचणी आणि अचूकपणा ढकलला तर कच्ची राहते. वरून दोन्ही अपुरीच दिसतात. पण लहान भाकरीने पोट भरत नाही इतकंच, कच्चीने ते बिघडतं.

दोन्हींची उदाहरणं ॲपल या एकाच कंपनीत सापडतात. जून 2007 मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये थ्रीजी नव्हतं, ॲप स्टोअर नव्हतं, साधं कॉपी-पेस्टही नव्हतं. कॉपी-पेस्टसाठी तर 2009 उजाडावं लागलं. टीका झालीच. पण बोटाने सरकणारा स्क्रीन आणि ब्राउझर, जे होतं ते चोख होतं. शिवाय काय नाही, हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक होतं.

सप्टेंबर 2012 मध्ये ॲपलने आयओएस 6 या आयफोनच्या नव्या प्रणालीतून गूगलचे नकाशे काढून स्वतःचे घातले. फीचरची वाण नव्हती: बोलून रस्ता सांगणं, त्रिमितीय शहरं, सगळं होतं. ठिकाणं मात्र भलतीकडेच. ऑस्ट्रेलियातलं मिल्ड्युरा शहर सुमारे 70 किलोमीटर दूर राष्ट्रीय उद्यानात दिसायचं. तिथे वाहनचालक अडकू लागले, तेव्हा व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. त्याआधीच ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी माफी मागून चक्क प्रतिस्पर्ध्यांचे नकाशे वापरायला सुचवलं होतं.

लोक जितके वापरतील तितके नकाशे सुधारतील, असंही त्यांनी लिहिलं होतं. ते खोटं नाही. पण मग जुना नकाशा शेजारी ठेवायचा होता, किंवा आधी थोड्याच लोकांना नवा द्यायचा होता. जीमेल 1 एप्रिल 2004 ला आलं ते फक्त निमंत्रणावर, आणि 'बीटा'ची, म्हणजे अजून चाचणी सुरू असल्याची, पाटी जुलै 2009 पर्यंत उतरली नाही. (पाच वर्षं जरा अतीच!)

म्हणून तारीख ठरवताना मी एवढंच विचारेन: चूक झाली तर ती वापरणाऱ्याला लगेच दिसेल का? किराणा दुकानाच्या बिलिंग ॲपमध्ये महिन्याचा रिपोर्ट नसला तर दुकानदार पहिल्याच दिवशी फोन करून कुरकुरेल. ते परवडतं, रिपोर्ट पुढच्या महिन्यात द्या. जीएसटीचा हिशेब चुकत असेल तर तो फोन करणार नाही. रिटर्न भरेपर्यंत त्याला पत्ताच नसेल.