वार्धक्यातील पापण्या : शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेविना उपचार

वय वाढते तशा डोळ्यांच्या पापण्या सैल पडतात, जड होतात, खालच्या बाजूला फुगवटे दिसू लागतात. या बदलांवरच्या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. शस्त्रक्रियेविना उपचारांत स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शने, खळगे भरणारे फिलर, लेसर, रेडिओलहरी आणि काही थेंब येतात. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्याच्या झाकणालाही लावतात आणि त्याच्या कडेच्या केसांनाही. इथे तो झाकणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या ‘वर्त्म’ या अर्थाने घेतला आहे.

या दोन मार्गांची तुलना बहुतेक वेळा ‘कापायचे की नको’ एवढ्यावरच होते आणि तिथेच चूक होते. पापणीत त्वचा, स्नायू, चरबी आणि ती उचलणारी यंत्रणा असे थर असतात, शिवाय वरून भुवईचा भार असतो. कोणताही उपचार यातल्या एखाद-दुसऱ्या थरावरच चालतो. त्यामुळे नेमके काय उतरले आहे हे आधी ठरले पाहिजे.

काय उतरते

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, १ मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची असते. वयाने आणि उन्हाने तिच्यातले तंतू झिजतात. मिठागरात, खाडीकाठच्या खाजन शेतात किंवा होडीवर आयुष्य घालवलेल्या गोमंतकीयाच्या डोळ्यांवर ऊन आकाशातून येते, तसे पाण्यावरून उलटूनही येते. सैल झालेली त्वचा घडी होऊन पापणीच्या कडेवर टेकते. खालच्या पापणीत चरबीचे तीन कप्पे असतात. त्यांना धरून ठेवणारा पडदा ढिला पडला की चरबी पुढे येते आणि पिशव्या दिसतात.

वरची पापणी ‘लिव्हेटर’ नावाचा स्नायू उचलतो. त्याचा पसरट कंडरा (टेंडन) वयाने ताणला जातो किंवा जागेवरून सरकतो. वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्याने, कधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तसे होते. यात त्वचेबरोबर पापणीची कडाच खाली येते. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. ते मोजल्यावर हा फरक कळतो. काहींची पापणी ठीक असते, खाली आलेली असते ती भुवई. आरशासमोर बोटाने भुवई हलकेच वर धरावी. घडी नाहीशी झाली तर नुसती पापणीची त्वचा कापून समाधान होणार नाही.

जड पापणीचा माणूस नकळत कपाळ वर ओढून पाहतो. गोव्यातल्या कदंब बसची पाटी वाचताना हनुवटी वर करणारे, संध्याकाळी कपाळ दुखते म्हणणारे आजी-आजोबा घरोघरी असतात. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांना केवळ वय कारणीभूत नसते. पापणी उचलण्याचे काम कपाळाने अंगावर घेतलेले असते. पुढे बोटॉक्सविषयी जे सांगायचे आहे, त्याचे मूळ इथे आहे.

एक गोष्ट मात्र वार्धक्याच्या खात्यात टाकू नये. पापणी अचानक पडली, सोबत दुहेरी दिसू लागले, बाहुल्या लहानमोठ्या झाल्या किंवा डोके जोरात दुखू लागले, तर तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा किंवा नसेचा आजार असू शकतो. सकाळी बरी आणि संध्याकाळी पडणारी पापणी मायस्थेनिया या आजाराकडे बोट दाखवते. अशा वेळी सौंदर्य-क्लिनिकची वाट धरू नये. बांबोळीच्या गोमेकॉसारखे (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) मोठे रुग्णालय तातडीने गाठावे.

शस्त्रक्रिया

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोप, म्हणजे आत वळलेल्या पापणीच्या केसांसाठी, एक शस्त्रकर्म सांगितले आहे. भुवईखाली दोन भाग आणि केसांच्या कडेला एक भाग सोडून मधली जवाच्या आकाराची त्वचा काढायची, केसाने शिवायचे आणि वर मध-तूप लावायचे. हेतू वेगळा होता, पण किती त्वचा काढायची याइतकेच किती ठेवायची यालाही महत्त्व आहे, हे त्यात स्पष्ट दिसते. आजचा सर्जनही भुवई आणि पापणीची कडा यांमध्ये सुमारे २० मिलिमीटर त्वचा शिल्लक ठेवतो, नाहीतर डोळा मिटत नाही. ‘ब्लेफरोप्लास्टी’ हा शब्द १८१८ मध्ये जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी कर्करोगानंतरच्या पापणीच्या पुनर्रचनेसाठी वापरला. खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये बूर्गे यांनी १९२४ मध्ये वर्णिली.

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया साधारणपणे जागा बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. कापण्याच्या खुणा रुग्णाला बसवून करतात, कारण आडवे झाल्यावर त्वचा आणि चरबी सरकतात. घडीतच छेद घेतल्याने व्रण लपतो. लिव्हेटर सैल असेल तर तो आवळावा लागतो. तो न आवळता नुसती त्वचा काढली तर कडा पडलेलीच राहते. खालच्या पापणीत पूर्वी चरबी सढळपणे काढत आणि पुढे डोळे खोल गेलेले दिसत. आता ती शक्यतो जागा बदलून खळग्यात बसवतात.

टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, काळेनिळेपणा दोनेक आठवडे राहतो. डोळे कोरडे पडणे, पूर्ण न मिटणे, खालची पापणी बाहेर ओढली जाणे हे धोके आहेत. डोळ्यामागे रक्तस्राव होणे दुर्मीळ, सुमारे २,००० शस्त्रक्रियांत एकदा. त्यातून कायमची दृष्टी जाणे त्याहून फार विरळ. तरी तीव्र वेदना, डोळा पुढे येणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट पाहू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सर्जनला आधी सांगाव्यात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच संदेश जातो. त्यामुळे जास्त पडलेली पापणी उचलल्यावर कधीकधी दुसरी खाली येते. दुसरी आधीपासूनच कमजोर असते, मेंदूच्या जादा जोरावर टिकून असते. हे आधी समजावून सांगणारा सर्जन भेटला तर रुग्णाचा पुढचा मनस्ताप वाचतो.

शस्त्रक्रियेविना

बोटॉक्सची सुरुवात डोळ्यांपासूनच झाली. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरले आणि १९८९ मध्ये तिथे तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या रेषा त्याने मऊ पडतात, भुवईचे टोक थोडे उचलले जाते. परिणाम ३ ते ४ महिने राहतो. मात्र कपाळाच्या जोरावर डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाच्या कपाळात ते टोचले, तर आठ्या जातात आणि भुवई पापणीवर येऊन बसते. उपचाराने माणूस आधीपेक्षा कमी पाहू लागतो. टोचण्याआधी कपाळ सैल सोडून पापणी तपासायला मिनिटही लागत नाही.

हायलुरोनिक आम्लाचे फिलर डोळ्याखालचा खळगा भरतात. पातळ त्वचेखाली ते वरवर बसले तर निळसर छटा दिसते. ते विरघळवणारे विकर (एन्झाइम) उपलब्ध आहे, पण फिलर रक्तवाहिनीत शिरल्यास अंधत्व येऊ शकते, म्हणून हे ब्युटी पार्लरमध्ये करायचे काम नव्हे. लेसर आणि रेडिओलहरी त्वचा काहीशी आवळतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेसरनंतर काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेहून जास्त असतो.

ऑक्सिमेटाझोलिनच्या ०.१ टक्का थेंबांना जुलै २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पापणीतला म्यूलर हा छोटा स्नायू त्याने आकसतो आणि कडा सुमारे १ मिलिमीटर वर जाते, तीही काही तासांपुरती. सैल त्वचेवर त्याचा उपयोग नाही. मलमांनी लोंबती त्वचा परत जात नाही. सनस्क्रीन, टोपी आणि गॉगल यांनी पुढची झीज मात्र मंदावते. शस्त्रक्रियेविना भागते ते सुरुवातीच्या बदलांत. दृष्टी झाकणारी घडी सुयांनी हटत नाही, आणि दर काही महिन्यांनी केलेला खर्च कालांतराने शस्त्रक्रियेच्या पुढे जाऊ शकतो.

गोव्यात वेळ आणि खर्च

लेसरनंतर ऊन टाळावे लागते, म्हणून एप्रिल-मे गैरसोयीचे. पावसाळ्यात ऊन कमी, पण डोळे येण्याची साथही तेव्हाच. शस्त्रक्रियेनंतर दोनेक आठवडे वाकणे, जड उचलणे आणि समुद्रस्नान वर्ज्य असते. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी तारीख ठरवताना हे लक्षात घ्यावे.

केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आरोग्यविमा तिचा खर्च देत नाही. वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केले तर गोष्ट वेगळी ठरू शकते. त्यासाठी दृष्टिक्षेत्राची चाचणी दोनदा करतात, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर बांधून. दोन्ही आलेखांतल्या फरकावरून पापणी किती दृष्टी झाकते हे दिसते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली किंवा खासगी विम्याकडे विचारणा करताना हे दोन्ही आलेख आणि पापणीची छायाचित्रे सोबत न्यावीत.