सोलकढीने चरबी का हटत नाही

एप्रिल सरता सरता रातांबे पिकू लागतात आणि मुंबई-गोवा महामार्गालगतच्या सरबताच्या टपऱ्यांवर ‘कोकम प्या, चरबी घटवा’ अशा अर्थाच्या पाट्या लागतात. हा दावा अगदीच हवेतला नाही, म्हणून तर तो टिकून आहे. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचं आम्ल असतं. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी कोकमाच्याच भावकीतली. तिच्यातलं मुख्य आम्ल हेच आहे, असं १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी दाखवलं. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांना आढळलं, की हे आम्ल शरीरातल्या सायट्रेट लायेज नावाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवतं. आणि भाताची चरबी व्हायची तर वाट या विकरावरूनच जाते.

मग जेवणानंतर वाटीभर सोलकढी प्यावी आणि निर्धास्त व्हावं? तसं होत नाही. का होत नाही, हे कळायला चरबीच्या पेशीत काय चालतं आणि तिथे हुकूम कोणाचा चालतो, हे दोन्ही पाहावं लागतं.

भात पचून त्याचं ग्लुकोज रक्तात आलं, पेशीत शिरलं, आणि तुटत तुटत मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पोचून त्याचं सायट्रेट झालं, इथपासून सुरुवात करू. ऊर्जेची निकड असेल तर सायट्रेट तिथल्याच चक्रात पुढे सरकतं. निकड नसेल तर ते बाहेर पडतं आणि सायट्रेट लायेज त्याचे दोन तुकडे करतं. त्यातला दोन कार्बनांचा तुकडा ॲसिटिल-कोए म्हणून हाती येतो. ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे पुढचं विकर त्याला आणखी एक कार्बन जोडून मॅलोनिल-कोए बनवतं. मग फॅटी ॲसिड सिंथेज नावाचं भलंमोठं विकर एका ॲसिटिलला सात मॅलोनिल एकामागून एक जोडत जातं. दर खेपेला साखळी दोन कार्बनांनी वाढते, आणि सोळा कार्बन झाले की पामिटिक आम्ल सुटं होतं. अशी तीन मेदाम्लं ग्लिसरॉलला जोडली की झालं ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपली चरबी.

इथे थोडं आडवाटेने जातो. ज्या फळाच्या सालीत हे चरबीविरोधी म्हणवलं जाणारं आम्ल, त्याच फळाच्या बियांतून आपल्याकडे मुठेल काढतात, टाचांच्या भेगांना लावतात ते. बीच्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीच असते! झाड स्वतःच्याच आम्लाने अडत कसं नाही? वनस्पती मेदाम्लं पेशीतल्या लवकांत, म्हणजे प्लास्टिड नावाच्या कप्प्यांत, बनवतात, आणि तिथलं ॲसिटिल-कोए मुख्यतः दुसऱ्या मार्गाने तयार होतं.

असो. या साखळीत खरा ताबा कार्बोक्सिलेजकडे. त्याच्यावर फॉस्फेट बसलं की ते थंडावतं, निघालं की कामाला लागतं. जेवल्यावर स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि काही मिनिटांत हे फॉस्फेट उतरतं. त्याच वेळी पेशीच्या आत थांबलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत ओढू लागतात. सायट्रेट लायेजचं मात्र उलटं: त्याला फॉस्फेट चढलं की जोर येतो, आणि इन्सुलिन त्याच्यावर ते चढवायला लावतं. एकच हार्मोन एकीकडे फॉस्फेट काढतं, दुसरीकडे घालतं, आणि दोन्हीकडून चरबी बनायलाच मदत होते. जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या पोरांना इथे घाम फुटतो, त्यात त्यांचा काही दोष नाही.

हा झाला मिनिटांचा हिशोब, तासांचा वेगळा. इन्सुलिन चढं राहिलं की एसआरईबीपी-१सी हे प्रथिन केंद्रकात जाऊन कार्बोक्सिलेज आणि सिंथेज यांची जनुकं चालू करतं, म्हणजे विकरांची संख्याच वाढते. यकृतात हे विशेष ठळकपणे दिसतं. बांगडा-तारलीतली ओमेगा-३ मेदाम्लं यकृतात नेमक्या याच प्रथिनाला दाबतात. तेव्हा या बाबतीत थाळीतल्या सोलकढीपेक्षा शेजारच्या बांगड्याचं पारडं जड आहे असं माझं मत, अर्थात तो रव्यात घोळवून तेलात पोहायला सोडला नसेल तर.

पहाटे रापण ओढणाऱ्या माणसाच्या शरीरात चित्र पालटलेलं असतं. रात्रीचं जेवण जिरलेलं, इन्सुलिन उतरलेलं, आणि दोर खेचताना ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन चढलेलं. ही हार्मोन्स चरबीच्या पेशीवर बसली की आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो. हार्मोन बाहेर राहून आतल्या विकरांपर्यंत निरोप कसा पोचवतं, हे या रेणूवरून उलगडणाऱ्या अर्ल सदरलंड यांना १९७१ चं नोबेल मिळालं. सायक्लिक एएमपीमुळे प्रोटीन कायनेज-ए जागं होतं आणि फॉस्फेट बसवत सुटतं: चरबीच्या थेंबाभोवतीच्या पेरिलिपिन प्रथिनावर, आणि हार्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज या विकरावर. थेंबाचं कवच सैल होतं आणि चरबी तोडणारी विकरं त्याला भिडतात. कित्येक वर्षं समज होती की ट्रायग्लिसराइडवर पहिला घाव हेच लायपेज घालतं. मग २००४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी ॲडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेजचं वर्णन केलं, आणि पहिलं मेदाम्ल मुख्यतः ते सोडवतं हे स्पष्ट झालं. इकडे कार्बोक्सिलेजवरही फॉस्फेट बसल्याने नवी चरबी बनणं मंदावलेलं असतं.

घरी येऊन माणूस पेज प्यायला, की इन्सुलिन सायक्लिक एएमपी मोडणारं विकर चालू करतं आणि चरबी सुटणं थांबतं. याला इन्सुलिन फार थोडं पुरतं. स्नायूंना साखर ओढायला लावण्यासाठी याहून कितीतरी जास्त लागतं.

आता कोकमाकडे. सायट्रेट लायेजची ही वाट माणसाच्या चरबीच्या पेशीत आहे खरी, पण तिच्यावर वर्दळ फारच कमी. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये काही पुरुषांना कित्येक दिवस गरजेपेक्षा खूपच जास्त पिष्टमय आहार दिला गेला. शरीराने आधी ग्लायकोजेनचे, म्हणजे साखर साठवायच्या पिष्टासारख्या रूपाचे, साठे भरले, दर किलो वजनामागे सुमारे १५ ग्रॅमपर्यंत. ते तुडुंब झाल्यावर मात्र दिवसाला सुमारे १५० ग्रॅम नवी चरबी बनू लागली. दोन वेळा पोटभर भात खाणारा कोकणी माणूस त्या टोकाला काही जात नाही. उंदरांत ही वाट रोजच्या वापरातली आहे. १९७०च्या दशकात त्यांना हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दिल्यावर चरबी बनणं खरोखर घटलं, आणि ‘चरबी घटवा’चा बोलबाला बराचसा तिथून सुरू झाला.

मग आपल्या पोटावर येते ती चरबी कुठली? बहुतेक आयती आलेली: तेलातली, तुपातली, नारळातली, माशातली. आतड्यातून ती कायलोमायक्रॉन नावाच्या गोळ्यांत बसून रक्तात येते, आणि हे गोळे केशवाहिनीची भिंत ओलांडून पेशीपर्यंत जाऊ शकत नाहीत. हर्ण्याच्या बंदरात मोठ्या होड्या पाण्यातच उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून वाळूवर आणावी लागते, तसलाच प्रकार. इथे माल उतरवून घ्यायचं काम लायपोप्रोटीन लायपेज करतं. चरबीच्या पेशी हे विकर बनवून केशवाहिनीच्या आतल्या बाजूला पाठवतात. ते ट्रायग्लिसराइड तोडतं, सुटी मेदाम्लं पेशीत जातात आणि तिथे पुन्हा जोडली जातात. जेवल्यावर इन्सुलिन चरबीतलं हे लायपेज वाढवतं आणि स्नायूंतलं उतरवतं, तर उपाशीपोटी उलट होतं. म्हणजे होडी तीच, पण गाड्या कुठल्या वाळूवर उभ्या करायच्या ते इन्सुलिन सांगतं.

चतुर्थीचा उकडीचा मोदक घ्या. तांदळाची पारी, आत गूळ-खोबरं, वर तुपाची धार. तांदूळ आणि गूळ इन्सुलिन चढवतात. मग साठ्यातली चरबी बाहेर पडत नाही आणि खोबऱ्या-तुपातली आत घेतली जाते. तांदळाची स्वतःची चरबी व्हावीच लागत नाही. शरीर तांदूळ जाळतं आणि तूप ठेवून देतं. सायट्रेट लायेजला कितीही अडवा, हा सगळा व्यवहार त्याच्या दारावरून जातच नाही.

माल उतरवून घेणाऱ्या त्या लायपोप्रोटीन लायपेजवर हुकूम चालवणारं इन्सुलिन एकटं नाही. ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसोल हे हार्मोन दीर्घकाळ चढं राहिलं तर इन्सुलिनच्या जोडीने ते पोटाच्या भागात चरबी साठवायला लावतं. कॉर्टिसोल अति झाल्याने होणाऱ्या कुशिंग विकारात हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं दिसतं त्यामागे हेही एक कारण. बाळंतिणीची गोष्ट तर फारच देखणी आहे. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिनच्या प्रभावाखाली चरबीतलं लायपेज उतरतं आणि स्तनग्रंथीतलं चढतं. आजीने खाऊ घातलेल्या डिंकाच्या लाडवातलं तूप आईच्या कमरेऐवजी दुधात जावं, अशी ही सोय. लाडू प्रमाणाबाहेर झाले की ती पुरी पडत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे.

माणसांवरची कसोटीही झालेली आहे. १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. १३५ जणांपैकी काहींना १२ आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. वजन दोन्ही गटांत थोडं घटलं, कारण आहार दोघांचाही कमी केला होता. आम्लाचा म्हणून काही जास्तीचा फायदा दिसला नाही. कुडमपुळीच्या अर्काच्या कॅप्सुली घेणाऱ्या काहींना यकृताची गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ताटातल्या आमसुलाला आणि सोलकढीला यात गोवायचं कारण नाही. प्रश्न आहे तो डबीतून विकल्या जाणाऱ्या दाट अर्काचा.

सायट्रेट लायेजला अडवणारं एक औषध मात्र आज खरोखर दुकानात मिळतं. बेम्पेडोइक आम्ल, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेलं. ते गोळीतून जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला जागं करणारं विकर यकृतात असतं, स्नायूंत नसतं, म्हणून स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या औषधांमुळे ज्यांचे स्नायू दुखतात अशांना त्याचा उपयोग होतो. ॲसिटिल-कोए हा कोलेस्टेरॉलचाही कच्चा माल, त्यामुळे त्याने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. वजन उतरवायला ते कोणी देत नाही.