मुलींचं वेगळं मैदान: एका वादाची पार्श्वभूमी

गोवंडीत असो वा मुंब्र्यात, वस्तीत मुलींचा संघ काढायचा म्हटलं की वाद हटकून निघतो: मुलींना वेगळं मैदान, वेगळी वेळ द्यायची, की मुलांबरोबरच खेळवायचं?

मुंबईत असा वाद आधी धर्मावरून झाला. १९०७ला तिरंगी, १९१२ला चौरंगी आणि १९३७ला पंचरंगी झालेल्या क्रिकेट सामन्यांत संघच धर्मावर ठरत. डिसेंबर १९४०मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी त्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. तरी सामने थांबायला १९४६ उजाडलं.

१९९२-९३च्या दंगलींनंतर पोलीस आणि रहिवाशांच्या मोहल्ला समित्या निघाल्या आणि पोलीस विरुद्ध मोहल्ला असं क्रिकेट सुरू झालं. हवालदाराला एरवी धरपकडीतच बघणारी पोरं आता त्याला गोलंदाजी करू लागली. उपक्रम मोलाचा, पण तो समेट पुरुषा-पुरुषांतला.

परदेशांत याच सुमारास बरंच घडत होतं. नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७पासून फुटबॉल लीग होती. कचरा उचलला की संघाला गुण. मुली तिथे १९९२ला आल्या. कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये १९९६ला मिश्र संघ आले: पंच नाही आणि संघाचा पहिला गोल मुलीनेच करायचा. खेळातून विकास आणि शांतता यावरचा संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव २००३चा, त्याचं क्रीडा वर्ष २००५, आणि ६ एप्रिल हा त्यासाठीचा दिवस ठरला २०१३ला. ठरावांआधी वस्त्या पुढे गेल्या होत्या, हे सांगायचं राहून जातं.

मेडेयीनचा नियम इथे का नको, असं आजही विचारतात. संध्याकाळी आपलं कुठलंही मैदान पाहा. टेनिस बॉलचे चार-पाच डाव एकात एक गुंतलेले, एका डावाचा फिल्डर दुसऱ्याच्या खेळपट्टीवर, आणि मुलींच्या वाट्याला गटाराकडची पट्टी. मुलगी मैदानात आहे असं गृहीत धरणारा नियम इथे लावणार कुणाला? शिवाय पहिला गोल झाला की तिच्याकडे पास येईलच, याची हमी नाही.

२०१०च्या सुमारास मुंबईत उलटी वाट धरली गेली. क्रिकेट प्रशिक्षकांमार्फत मुलग्यांनाच मुलींशी नीट वागायला शिकवायचं. हेतू चांगला, पण मैदान पुन्हा मुलग्यांकडेच राहिलं. २०१२पासून मुंब्र्यातल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या आणि त्यांनी सह्या गोळा करून स्वतःसाठी मैदान मागितलं. ‘ही तर पुन्हा पंचरंगी’ म्हणणाऱ्यांचं काही मला पटत नाही. इथे मुलग्यांपासून वेगळं झाल्यावर वेगवेगळ्या धर्मांच्या मुली एका संघात आल्या. फक्त मुलीच आहेत म्हटल्यावर घरचे सोडतात, हे वस्तीत काम करणारी कुठलीही ताई सांगेल. शांततेचं काम हवं असेल तर ते या वेगळेपणातूनच झालं.

गोवंडीत पुढे मुलींची कबड्डी आली. १२ बाय ८ मीटर जागा पुरते, सामान लागत नाही, आणि आयांना खेळ माहीत असतो. ‘पाय मोडून घेशील, मग लग्न कोण करेल’ हे मात्र चुकत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाचं खेळातून शांततेच्या कामाचं कार्यालय २०१७ला बंद झालं. इथले प्रकल्पही मुदतीचे असतात. प्रशिक्षक ताईचं मानधन थांबलं की मुलींची वेळ पहिली जाते, म्हणून चेंडू-जर्सीच्या आधी मैदानाची वेळ लेखी घ्यावी, असं मला वाटतं. ती द्यायची मात्र कुणी, महापालिकेनं की मैदान सांभाळणाऱ्या मंडळानं, यावर सध्या गाडं अडलेलं असतं.