कॅव्हनसाइट

दुर्मिळ सिलिकेट खनिज. रासायनिक संघटन सजल कॅल्शियम व्हॅनेडियम सिलिकेट. सूत्रात चार सिलिकॉनांमागे एक कॅल्शियम, एक व्हॅनेडिल गट (व्हॅनेडियम व ऑक्सिजन यांची जोडी) व पाण्याचे चार रेणू येतात. स्फटिक समचतुर्भुजी. पाटन (ठराविक पातळीत सहज फुटणे) (०१०) या पृष्ठाला समांतर, चांगले. ठिसूळ. चमक काचेसारखी. कठिनता ३–४. वि. गु. (विशिष्ट गुरुत्व) सुमारे २.२–२.३. रंग गडद आकाशी ते हिरवट निळा. कस (चूर्णाचा रंग) निळसर पांढरा. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९६० च्या दशकात हे आढळले आणि १९७३ मध्ये नवे खनिज म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच लेखात पेंटॅगोनाइट या खनिजाचेही वर्णन आहे. दोघांचे संघटन एकच, पण स्फटिकरचना वेगळी, म्हणून ही द्विरूपी जोडी. दोन्हींत सिलिकेट चतुष्फलकांचे (एका सिलिकॉनाभोवती चार ऑक्सिजन अशा गटांचे) थर असतात. कॅव्हनसाइटाच्या थरांत चार व आठ चतुष्फलकांची कडी असतात, तर पेंटॅगोनाइटाच्या थरांत सहांची. पेंटॅगोनाइटाचे यमल (जुळे) स्फटिक पंचकोनी भासतात. नाव त्यावरूनच आले. केवळ रंगावरून दोन्ही ओळखणे धोक्याचे. प्रकाशीय दृष्ट्या (सूक्ष्मदर्शकाखालील प्रकाशीय चिन्हाने) मात्र कॅव्हनसाइट धन व पेंटॅगोनाइट ऋण आहे. झिओलाइटांच्या (त्रिमितीय जाळीची संरचना असलेल्या सजल सिलिकेट खनिजांच्या) सोबतीने सापडत असल्यामुळे व्यवहारात कॅव्हनसाइटाची गणना कधीकधी त्यांच्यातच होते. कॅव्हनसाइटाची संरचना थरांची असल्याने ही गणना योग्य नव्हे.

मूळ स्थळ ओरेगनचे असले, तरी संग्राहकांना माहीत असलेले बहुतेक उत्कृष्ट नमुने पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतले आहेत. तेथे दख्खन ट्रॅपच्या (दख्खनमधील लाव्हा थरांच्या) बेसाल्टातील पोकळ्यांत व भेगांत सुयांसारख्या स्फटिकांचे अरीय (केंद्रातून चहूकडे पसरलेले) पुंज मिळतात. ते बहुधा स्टिल्बाइट वा ह्यूलँडाइट या झिओलाइटांवर बसलेले असतात, म्हणजे निदान या नमुन्यांत निळे खनिज मागाहून आले. कॅल्साइट व अपोफायलाइटही सोबत असतात. पेंटॅगोनाइट तेथेही विरळाच.

व्हॅनेडियम आले कोठून, हा खरा वादाचा मुद्दा. बेसाल्टात ते अल्प प्रमाणात असतेच, मुख्यतः मॅग्नेटाइट व पायरोक्सिनात. गरम जलीय द्रावांनी ते खडकातूनच निक्षालित केले (विरघळवून काढले), असे एक मत. ते बाहेरून आले, असे दुसरे. पहिले अधिक संभाव्य वाटते, पण तसाच बेसाल्ट लाखो चौ. किमी. पसरलेला असताना हे खनिज इतक्या थोड्या जागीच का, याचे उत्तर एवढ्याने मिळत नाही. या खनिजातील व्हॅनेडियम चतुःसंयुजी (संयुजा चार असलेले) आहे. मॅग्मात (वितळलेल्या खडकरसात) ते बरेचसे त्रिसंयुजी असते, तर पूर्ण ऑक्सिडीकरणाने पंचसंयुजी होते. तेव्हा द्रावाची ऑक्सिडीकरण-स्थिती अरुंद मर्यादेत राहणे ही अट असावी. निर्मितिकाल लाव्हा थिजल्यानंतरचा, कदाचित पुष्कळ नंतरचा.

औद्योगिक उपयोग नाही. मऊ व ठिसूळ असल्याने रत्न म्हणूनही ते क्वचितच घडवतात.