फॉर्म १५ लागला की फॉर्म १६?

मागच्या आठवड्यात शहाद्याकडच्या औषधांच्या एका स्टॉकिस्ट भाऊंचा फोन आला. "मना माल लई ग्यात!" म्हणजे माझा माल घेऊन गेले. आवाज अगदी पडलेला. कागदाचा फोटो मागवला, तर तो फॉर्म १५. माल त्यांच्याच गोडाऊनमध्ये होता.

होलसेल लायसन्स असलेल्या कित्येकांचा हा घोळ होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०च्या कलम २२ खाली औषध निरीक्षक एखाद्या साठ्याची विक्री लेखी आदेशाने थांबवू शकतो, जास्तीत जास्त २० दिवस. तो आदेश म्हणजे फॉर्म १५. खोकी तुमच्याच रॅकवर राहतात, पण त्यातली एक स्ट्रिपही विकायची नाही. ती लगेच वेगळी काढा, वर मोठ्या अक्षरांत लिहा आणि बिलिंगला बसणाऱ्या पोराला बॅच नंबर देऊन ठेवा. घाईत त्याच बॅचच्या विक्रीचं बिल केलं गेलं, तर आदेश मोडल्याचा नवा गुन्हा अंगावर येतो.

फॉर्म १६ ही जप्तीची पावती. माल, रजिस्टर किंवा बिलं निरीक्षकाने ताब्यात घेतली, की ती मिळते. सही करण्याआधी यादी वाचा. "बिल फाइल, १ नग" एवढंच लिहिलं असेल, तर बिल नंबर कुठून कुठपर्यंत हे लिहून देण्याची विनंती करा. विक्री बिलांच्या प्रती विक्रीपासून ३ वर्षं सांभाळायच्या असतात. उद्या कुणी त्या मागितल्या, तर हीच पावती दाखवायची आहे.

खरा गोंधळ २० या आकड्याचा. फॉर्म १५ मध्ये ती मुदत तुम्हाला बांधते. जप्त कागदांच्या बाबतीत मात्र निरीक्षकाला: तुम्ही प्रमाणित केलेल्या नकला घेऊन मूळ रेकॉर्ड २० दिवसांत परत द्यायचं असतं. हा तुमचा हक्क आहे, तो मागायला लाजू नका. जप्त मालाला ही मुदत लागू नाही. त्याच्या ताब्याबद्दल न्यायदंडाधिकारी आदेश देतात.

निरीक्षकाने नुसती बिलं पाहून फॉर्म ३५ च्या तपासणी वहीत शेरा लिहिला असेल, तर यातलं काहीच घडलेलं नसतं. शेऱ्यातली त्रुटी तेवढी दुरुस्त करा.

भाऊंना त्या बॅचचं खरेदी बिल काढायला सांगितलं. सापडलं, पण प्रिंटरची रिबन सुकलेली, बॅच नंबर वाचताच येईना. धुळ्याच्या पुरवठादाराकडून दुसरी प्रत मागवली. ती संध्याकाळच्या एसटीने शहाद्याला पोचली.