प्रेअरीतील विलो लागवड

कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचेवन आणि अल्बर्टा प्रांतांच्या गवताळ सपाटीवर, म्हणजे प्रेअरीवर, घर, गोठा व शेततळ्याभोवती आडोसा म्हणून विलो लावण्याची पद्धत. येथे हिवाळ्यात पारा कधीकधी उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, पाऊस बेताचा असतो आणि वारा अडवायला काही नसते. लवकर वाढणारे झाड म्हणून विलो आणि पॉप्लर यांना पहिली पसंती मिळते.

सस्कॅचेवनमधील इंडियन हेड येथील सरकारी रोपवाटिकेने अशा वारारोधक पट्ट्यांसाठी शेतकऱ्यांना रोपे पुरवली. १९०१ साली सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये बंद झाली. तोवर ६० कोटींहून अधिक रोपे वाटली गेली होती. रशियाकडून आलेला अक्यूट विलो, चकचकीत पानांचा लॉरेल विलो आणि पिवळ्या फांद्यांचा गोल्डन विलो हे तिथले रुळलेले प्रकार.

लागवड फाट्यांपासून होते. पानगळीनंतर पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे कापून थंड जागी ओलसर ठेवतात. वसंतात जमीन मोकळी झाली की वर एखादा डोळा ठेवून बाकीचा फाटा मातीत खोचतात. सालीखाली मुळांचे अंकुर आधीच तयार असल्याने तो चटकन रुजतो. रुजवणे सोपे, जगवणे कठीण. खरा शत्रू थंडी नसून गवत आहे. पहिली दोन-तीन वर्षे गवताने ओल ओढून घेतली, तर फाटा खुरटतो किंवा मरतो. म्हणून तण काढणे आणि आच्छादन घालणे पाणी देण्याइतकेच महत्त्वाचे.

थंडीची तयारी झाड स्वतः करते. दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबते आणि पेशींत साखर साठते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी हळूहळू गोठवलेल्या विलोच्या फांद्या अतिथंड द्रवरूप नायट्रोजनमध्येही जिवंत राहतात, हे दाखवून दिले. मात्र उबदार प्रदेशातले वाण शरद ऋतूतही वाढत राहतात आणि त्यांचे कोवळे शेंडे करपतात. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणारा वाळुंज हाही विलोचाच एक प्रकार. तो प्रेअरीत तगणार नाही.

पट्ट्याच्या आडोशाला साठणारा बर्फ वितळून शेततळी भरतो, हा मोठाच लाभ. पण विलोचे लाकूड ठिसूळ, आयुष्य कमी आणि मुळे पाण्याच्या शोधात सांडपाण्याच्या नळांत शिरणारी. त्यामुळे तो घरापासून लांब लावावा आणि त्याच्या आडोशाला सावकाश वाढणाऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची रांग सुरुवातीलाच धरावी.