रोल देणारा बॉट: आधी पहारेकरी, मग कारकून

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपसाठी बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, लिहायला बसलेल्या नवख्याला पहिली ठेच बहुतेक वेळा एकाच जागी लागते. सदस्याला रोल (अधिकार किंवा ओळख सांगणारे बिरुद) देण्याची कमांड बरोबर, 'मॅनेज रोल्स'ची परवानगीही दिलेली, तरी उत्तर येते 50013, म्हणजे परवानगी नाही. कोडमध्ये काहीच चुकलेले नसते. सर्व्हरच्या, म्हणजे त्या डिस्कॉर्ड गटाच्या, रोलयादीत बॉटचा स्वतःचा रोल खाली पडलेला असतो, आणि आपल्या वरचा किंवा बरोबरीचा रोल बॉटला कुणालाच देता येत नाही. नियम जाचक वाटतो. पण तो नव्हता तेव्हा काय होत असे, हे आयआरसी या जुन्या इंटरनेट-गप्पांच्या व्यवस्थेतल्या लोकांना विचारावे.

फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी 1988 च्या ऑगस्टमध्ये आयआरसी सुरू केले. तिथे सत्ता म्हणजे नावाआधीचे 'ॲट'चे (@) चिन्ह. रिकाम्या चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, जो पहिला शिरेल त्याला ते मिळे, आणि तो बाहेर पडला की जाई. एसटीत जागा धरण्यासारखाच प्रकार, फक्त रुमाल टाकायची सोय नाही. त्यात आयआरसी चालवणाऱ्या दोन संगणकांमधला दुवा तुटला की चॅनेलचे दोन तुकडे होत. रिकाम्या तुकड्यात कुणी घुसून चिन्ह मिळवी आणि दुवा जुळताच मूळ मालकाला हाकलून देई. सगळे ऑप, म्हणजे चिन्हधारी, सारखेच. ज्याला चिन्ह दिले तोही देणाऱ्यावर उलटू शकत असे.

मग न झोपणारा कुणीतरी हवा होता. 1993 मध्ये रोबी पॉइंटर यांनी एगड्रॉप हा बॉट लिहिला. तो रात्रंदिवस चॅनेलमध्ये बसून राही. कुणाला काय द्यायचे, हे त्याच्या फाइलमध्ये एकेका अक्षराने नोंदलेले असे: 'ओ' म्हणजे ऑप, 'व्ही' म्हणजे बोलण्याची मुभा. सदस्याने खासगीत पासवर्ड पाठवला की बॉट चिन्ह देई. आजच्या रोल-कमांडचे मूळ मला इथेच दिसते.

2015 मध्ये डिस्कॉर्ड आले आणि रोल सर्व्हरवरच नोंदले जाऊ लागले. माणूस झोपला तरी रोल जागेवर. पहारेकऱ्याचे काम संपले आणि बॉट कारकून झाला: नावाचा रंग, आवडता खेळ, भाषा, जे मागाल त्याचा रोल. सुरुवातीला उद्गारचिन्हाने सुरू होणारा साधा संदेशच कमांड असे. त्यासाठी बॉटला प्रत्येक संदेश वाचावा लागे, आणि रोलच्या नावात एक अक्षर चुकले की शोधाशोध. 2021 पासून स्लॅश कमांड, म्हणजे तिरप्या रेषेने (/) सुरू होणाऱ्या कमांड, रुळल्या. त्यात रोल थेट यादीतून निवडता येतो. 2022 च्या सप्टेंबरपासून मोठ्या बॉटना संदेशांचा मजकूर वाचायला वेगळी मंजुरी लागू लागली, तेव्हा जुनी पद्धत आणखी मागे पडली.

एक काम मात्र अजून लिहिणाऱ्याच्याच गळ्यात आहे. रोल देताना डिस्कॉर्ड बॉटची रोलयादीतली पायरी तपासते. कमांड चालवणारा माणूस कोणत्या पायरीवर आहे, हे बॉटच्या कोडनेच पाहायचे. एगड्रॉपची ती फाइल पाहत असे तसे.